वेगनौकेच्या पाण्याचा दाब

वेगवान नौकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी विक्रमांची, चषकांची आणि ते मिळविताना प्राणास मुकलेल्या धाडसी पुरुषांची नोंद मोठ्या आस्थेने करून ठेवली आहे. नौकेच्या तळाचा आकार कसा बदलत गेला आणि इंजिनाची अश्वशक्ती कशी वाढत गेली, याचीही हकीकत विस्ताराने उपलब्ध आहे. परंतु ज्या पाण्यावरून ही नौका धावते, त्याच पाण्याचा एक लहानसा प्रवाह तिच्या पोटात शिरतो, तप्त इंजिनाभोवती फिरून त्याची उष्णता वाहून नेतो आणि पुन्हा समुद्रात किंवा सरोवरात परततो. या प्रवाहाचा मार्ग खुंटला तर शेकडो अश्वशक्तीचे यंत्र काही मिनिटांत निकामी होते. या प्रवाहाचा इतिहास मात्र कारागिरांच्या स्मृतीत आणि कारखान्यांच्या दफ्तरांत विखुरलेला राहिला. सुकाणूसमोरच्या फळीवर वेगमापकाच्या शेजारी पाण्याच्या दाबाचे एक लहान वर्तुळाकार मापक असते. त्याचा काटा नेहमीपेक्षा वर चढू लागला म्हणजे काय समजावे, आणि कारणाचा तपास कोणत्या क्रमाने करावा, हे ज्ञान एका पिढीत सिद्ध झालेले नाही. त्यामागचा अनुभव थोडक्यात सांगायचा तर असा की, या इतिहासाच्या पूर्वार्धात माणसाने पाणी आत आणण्यासाठी परिश्रम केले, आणि उत्तरार्धात तेच पाणी आवरण्यासाठी आणि सुखरूप बाहेर घालविण्यासाठी. हा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याला वाढलेल्या दाबाचे निदान करणे फारसे अवघड जात नाही, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच तो येथे मांडीत आहे.

१८८६ साली जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी आपले पेट्रोल इंजिन सुमारे साडेचार मीटर लांबीच्या एका होडीत बसवून नेकर नदीत चालविले. पेट्रोलचा भडका उडेल या भयाने लोक त्या होडीत पाऊल ठेवण्यास धजत नसत, म्हणून डाइमलर यांनी तिच्या काठाने तारा आणि चिनी मातीचे विद्युत्‌रोधक लावून ती विजेवर चालत असल्याचा भास निर्माण केला, अशी कथा सांगितली जाते. त्या होडीचा वेग ताशी ६ सागरी मैलांच्या आसपास होता. इंजिन रस्त्यावरच्या गाडीत बसवायचे तर त्याला थंड ठेवण्यासाठी पाणी बरोबर वाहून न्यावे लागते, आणि तापलेले पाणी पुन्हा निववावे लागते. नौकेला ही अडचण नाही, कारण तिच्या तळाखाली थंड पाण्याचा अक्षय साठा असतो. प्रश्न एवढाच उरतो, की ते पाणी इंजिनापर्यंत पोहोचवायचे कसे.

प्रारंभीच्या लाँचींनी या प्रश्नाचे उत्तर दट्ट्याच्या पंपाने दिले. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर एक विकेंद्र चक्र बसवीत. ते पंपाचा दट्ट्या पुढेमागे ढकली, तळाच्या भोकातून पाणी ओढले जाई, सिलिंडरच्या भोवतालच्या पोकळीतून फिरे, आणि पुष्कळदा धुराच्या नळीत सोडले जाऊन धुराबरोबर बाहेर पडे. या व्यवस्थेत भीती एकाच गोष्टीची असे, ती म्हणजे पाणी न येण्याची. भोकात शेवाळ अडकावे, पंपाच्या झडपेत वाळूचा कण बसावा किंवा दट्ट्याचे वेष्टण झिजावे, की प्रवाह थांबला आणि इंजिन तापले. त्यामुळे त्या काळच्या चालकाला दाबमापकाची गरज भासत नव्हती. बाजूच्या नळीतून पाणी पडताना दिसले म्हणजे त्याचे समाधान होई. आजही भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचीचा किंवा कोकणातल्या मासेमारी बोटीचा तांडेल इंजिन सुरू होताच कडेला वाकून पाणी पडते आहे की नाही हे पाहून घेतो, आणि त्याच्या वेगाच्या नौकेसाठी ती तपासणी पुरेशी असते.

१९०३ साली आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी मोटारनौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी चषक ठेवला, आणि आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरात पहिली शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या नेपियर नौकेचा वेग ताशी २० मैलांच्याही किंचित आतच होता. पुढच्या वर्षी अमेरिकेत हडसन नदीवर गोल्ड कप शर्यतींना आरंभ झाला. १९०९ साली नॉर्वेतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ऑली एव्हिनरूड यांनी होडीच्या मागच्या फळीवर टांगण्याचे, दीड अश्वशक्तीचे आणि ६२ पौंड वजनाचे इंजिन विक्रीस आणले, आणि सामान्य माणसालाही यांत्रिक नौकाविहार साध्य झाला. या सर्व यंत्रांना पाणी पुरविण्यासाठी पंप अपरिहार्य होता. दट्ट्याची जागा पुढे दातेरी चक्रांच्या पंपाने घेतली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास लवचिक रबरी पाकळ्यांचा इंपेलर सर्वत्र रूढ झाला. या पाकळ्या झिजतात आणि तुटतात, आणि तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी अडकतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण निदानाच्या प्रसंगी तिचा उपयोग होणार आहे.

येथे क्षणभर मागे वळून, जे तत्त्व नौकेच्या कारागिरांना विसाव्या शतकात प्रत्यक्ष भेटले त्याचा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे. १७३२ साली फ्रेंच अभियंता आंरी पितो याने पॅरिस येथे सेन नदीच्या प्रवाहात काटकोनात वाकविलेली एक काचेची नळी धरली. नळीचे तोंड प्रवाहाच्या सामोरे केले असता आतले पाणी नदीच्या पृष्ठापेक्षा वर चढते, आणि प्रवाह जितका वेगवान तितके ते अधिक उंच चढते, असे त्याला आढळले. १७३८ साली डॅनियल बर्नुली यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि वाहत्या द्रवाचा वेग व दाब यांच्यातील संबंधाला शास्त्राचे अधिष्ठान लाभले. त्यातून निघणारा नियम सांगण्यास सोपा आणि परिणामात भयंकर आहे: वेग दुप्पट झाला की सामोऱ्या तोंडावरचा दाब चौपट होतो, आणि वेग दहापट झाला की तो शंभरपट होतो.

या नियमाचा व्यवहारात मोठा उपयोग प्रथम रेल्वेने करून दाखविला. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० साली वेल्समधील मॉक्ड्रे येथे रुळांच्या मधोमध पाण्याची लांब, उथळ पन्हळ बसविली. धावत्या इंजिनाखालचे पुढे तोंड असलेले पन्हाळे त्या पाण्यात सोडले, की कोणत्याही पंपाशिवाय पाणी वर चढून टाकीत पडू लागे, आणि आयर्लंडकडे टपाल नेणाऱ्या गाडीला पाण्यासाठी थांबावे लागेनासे झाले. ताशी १५ मैल वेगाला पाणी साडेसात फूट चढले पाहिजे, असा शास्त्राचा हिशेब होता, आणि तो प्रत्यक्षात उतरला. वाफेच्या वेगवान युद्धनौकांनीही पुढे हीच युक्ती स्वीकारली. समुद्रात पुरेशा वेगाने जात असताना वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या त्यांच्या कंडेन्सरांना तळाच्या पन्हाळ्यातूनच पाणी मिळे, आणि पंपाचे काम बंदरात किंवा मंद गतीतच पडे. दाब मोजण्याचे सुलभ साधनही याच शतकाने दिले. १८४९ साली यूजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने चपटी, वाकविलेली धातूची नळी आतल्या दाबाने सरळ होऊ पाहते या गुणावर आधारलेले मापक सिद्ध केले. आपल्याकडील गिरण्यांत आणि बॉयलरघरांत बोर्डन गेज म्हणून ज्याला ओळखतात ते हेच, आणि नौकेच्या फळीवरचे यांत्रिक दाबमापकही त्याच वंशातले आहे.

आता नौकांकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने विमानांसाठी ‘लिबर्टी’ नावाचे बारा सिलिंडरांचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. पॅकार्ड कंपनीचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचे एल्बर्ट हॉल यांनी १९१७ साली वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात बसून काही दिवसांतच त्याचा आराखडा आखला, आणि युद्ध संपले तेव्हा अशी सहस्रावधी इंजिने निरुपयोगी होऊन पडली. त्यांचे मोल ज्यांनी ओळखले त्यांत गार वुड हे अग्रगण्य होत. मालमोटारीची पाटी द्रवाच्या दाबाने उचलून माल ओतण्याच्या यंत्रावर त्यांनी संपत्ती मिळविली होती, आणि ती त्यांनी मुक्तहस्ताने वेगनौकांवर खर्च केली. १९२० साली दोन लिबर्टी इंजिने बसविलेली त्यांची ‘मिस अमेरिका’ इंग्लंडला गेली आणि हार्म्सवर्थ चषक घेऊन परतली. विमानात या इंजिनाचे पाणी थंड करण्यासाठी रेडिएटर लागे. नौकेत त्याची जागा सरोवराच्या पाण्याने घेतली. आणि येथेच इतिहासाने वळण घेतले, कारण इतक्या वेगाने धावणाऱ्या नौकेच्या तळाला पुढे तोंड करून बसविलेले पन्हाळे पाणी ओढून घेत नव्हते. पाणीच त्यात घुसत होते.

हे घुसणे किती प्रबळ असते, याचा हिशेब कोणालाही करता येतो. दर चौरस इंचास पौंड या परिमाणात तो मांडला, तर डाइमलर यांच्या होडीच्या वेगाला पन्हाळ्याच्या तोंडावरचा दाब पाऊण पौंडाहूनही कमी भरतो. ताशी १० मैलांना तो सुमारे दीड पौंड, २० मैलांना सुमारे ६, ५० मैलांना ३६, आणि १०० मैलांना १४५ पौंड होतो. ही कमाल मर्यादा आहे. नळ्यांच्या वाकणांत, गाळणीत आणि झडपांत त्यातला बराचसा भाग खर्ची पडतो, आणि पन्हाळ्याचे तोंड लहान किंवा तिरके असेल तर आणखी कमी दाब आत पोहोचतो. तथापि वेगाच्या वर्गाने वाढणारा हा दाब एका मर्यादेनंतर नौकेतल्या कोणत्याही पंपाला सहज मागे टाकतो, ही गोष्ट त्या आकड्यांवरून स्पष्ट होते.

१९३० ते १९३२ ही तीन वर्षे या दृष्टीने निर्णायक होत. १३ जून १९३० रोजी सर हेन्री सेग्रेव्ह यांनी विंडरमिअर सरोवरावर ‘मिस इंग्लंड २’ ही नौका सरासरी ९८.७६ मैलांच्या वेगाने चालवून विक्रम केला, आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत ती उलटून त्यांचा अंत झाला. मार्च १९३१ मध्ये गार वुड यांनी फ्लोरिडात १०० मैलांची मर्यादा ओलांडली. पुढे केय डॉन यांनी तो विक्रम मोडला, आणि २० सप्टेंबर १९३२ रोजी सेंट क्लेअर नदीवर गार वुड यांच्या चार इंजिनांच्या ‘मिस अमेरिका १०’ने १२४.८६ मैलांपर्यंत मजल मारली. त्या वेगाला सामोऱ्या तोंडावरचा दाब सव्वादोनशे पौंडांच्या घरात जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिसन आणि मर्लिन ही विमानांची इंजिने स्वस्तात मिळू लागली, आणि १९५० साली स्टॅन्ली सेयर्स यांच्या ‘स्लो-मो-शन ४’ने सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १६०.३२ मैलांचा विक्रम केला. तेथे हाच हिशेब पावणेचारशे पौंडांच्या आसपास पोहोचतो. ज्या नौकेची पहिली पिढी बाजूच्या नळीतून पाण्याची धार पाहून समाधान मानीत होती, तिच्याच वंशजांत आता तेच पाणी इंजिन फोडण्यास समर्थ झाले होते.

तरीही या विक्रमी नौका मूठभर होत्या, आणि त्यांच्या सेवेस निष्णात अभियंते हजर असत. हा प्रश्न सामान्य नौकास्वामीच्या दारी आला तो १९६० नंतर. १९५९ च्या आरंभी व्होल्व्हो पेंटाने ‘ॲक्वामॅटिक’ ही रचना बाजारात आणली. तिच्यात इंजिन नौकेच्या आत आणि पंख्याचा पाय मागच्या फळीबाहेर असतो. १९६१ मध्ये कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीनेही तशीच रचना ‘मर्क्रूझर’ या नावाने आणली. पाणी घेण्याची भोके आता त्या पायातच असू लागली, आणि इंजिने अमेरिकन मोटारगाड्यांची वापरली जाऊ लागली. त्याच सुमारास खुल्या समुद्रावरच्या शर्यतींनी जोर धरला होता. १९५६ साली मायामी ते नासाऊ ही शर्यत सुरू झाली. १९६० साली रेमंड हंट यांच्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची ‘मॉपी’ ही नौका खवळलेल्या समुद्रात ती जिंकून गेली. १९६१ साली सर मॅक्स एटकिन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये काउझ ते टॉर्की ही शर्यत आरंभ झाली. डॉन ॲरोनाऊ यांच्यासारख्या नौकानिर्मात्यांनी शर्यतीतल्या तळांवर हौशी गिऱ्हाइकांसाठी नौका बांधल्या, आणि पुढच्या पिढीत ताशी ७०–८० मैलांनी जाणारी नौका एखाद्या व्यापाऱ्याच्या घरच्या धक्क्यालाही बांधलेली दिसू लागली.

अडचणीचे मूळ येथे आहे. मोटारगाडीच्या इंजिनाचे बंदिस्त पाणी रेडिएटरच्या झाकणाने साधारणतः १५ पौंडांच्या आसपासच्या दाबापुरते मर्यादित केलेले असते, आणि त्याच्या ओतीव शरीरातील जलमार्ग, त्यांची भोके बुजविण्यासाठी ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या आणि सिलिंडरच्या माथ्याखालचे गॅस्केट या सर्वांची योजना तेवढ्याच दाबाच्या हिशेबाने झालेली असते. त्याच इंजिनात ४० किंवा ५० पौंडांचे पाणी घुसले, तर पत्र्याची टोपी उडते, नळीची पकड सुटून नौकेच्या तळात पाणी भरते, गॅस्केट गळते, किंवा तेल थंड करणाऱ्या नळकांड्यातील पातळ भिंत फुटून पाणी तेलात मिसळते आणि इंजिनातले तेल दुधासारखे पांढरे दिसू लागते. खुल्या समुद्रात यात आणखी एका आघाताची भर पडते. लाटेवरून उसळलेली नौका हवेत असताना पन्हाळे रिकामे होते, आणि ती परत पाण्यावर आदळताच नळीतल्या हवेला पुढे रेटीत पाणी धडकते. तो क्षणिक दाब स्थिर दाबाच्या कितीतरी पुढे जातो.

त्यावर कारागिरांनी जे उपाय काढले ते पाहण्यासारखे आहेत. त्यांनी पन्हाळ्यातून येणारे पाणी थेट इंजिनात न सोडता आधी मजबूत गाळणीत किंवा बंद टाकीत घेतले, म्हणजे आघात तेथेच विरतो आणि पाण्याबरोबर आलेली हवाही वेगळी होते. त्या टाकीवर किंवा तिच्या पुढे स्प्रिंगच्या जोरावर बंद राहणारा रिलीफ व्हॉल्व्ह बसविला. दाब ठराविक आकड्याच्या, पुष्कळदा २० ते ३० पौंडांच्या, वर गेला की तो उघडतो आणि जादा पाणी इंजिनाला वळसा घालून बाहेर फेकले जाते. काहींनी आत येणाऱ्या नळीत लहान भोकाची चकती घालून प्रवाहच आखडला, आणि काहींनी बाहेर जाणाऱ्या वाटा वाढविल्या. यांतला शेवटचा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण प्रवेश आखडला तर मंद गतीत पाणी अपुरे पडण्याचा धोका राहतो, निर्गम मोकळा केला तर तसा धोका कमी.

निदानाची पद्धती याच अनुभवातून आकारास आली, आणि तिचा पहिला नियम असा की काट्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी काट्याचीच साक्ष तपासावी. इंजिन बंद, नौका स्थिर, आणि तरीही काटा शून्यावर येत नसेल, तर दोष मापकात किंवा त्याच्या वायरीत आहे, पाण्यात नाही. विजेवर चालणाऱ्या मापकाबद्दल संशय असेल, तर त्याच जागी तात्पुरते यांत्रिक मापक जोडून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. मापक कोठे जोडले आहे हेही विचारात घ्यावे लागते. गाळणीवर जोडलेले मापक जो आकडा दाखविते तोच इंजिनाच्या शरीरातही असेल असे नाही, आणि दोन नौकास्वामींनी परस्परांचे आकडे ताडून विनाकारण चिंता करण्याचे हे एक नित्याचे कारण आहे.

दुसरा नियम असा की दाब कशाबरोबर वाढतो ते वेगळे काढावे. नौका धक्क्याला पक्की बांधून, गिअर न टाकता इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवावेत. दाब त्याच वेळी अवाजवी चढला, तर त्याचे कारण पंपात किंवा पंपाच्या पुढच्या वाटेत शोधावे, कारण नौका स्थिर असल्यामुळे पन्हाळ्यात वेगाचे पाणी घुसतच नाही. धक्क्यावर काटा समाधानकारक राहिला आणि खुल्या पाण्यात वेगाबरोबर झपाट्याने चढू लागला, तर दोष घुसणाऱ्या पाण्याचा आहे. रिलीफ व्हॉल्व्ह मिठाने किंवा गाळाने जाम झाला असेल, पन्हाळे गरजेपेक्षा मोठे असेल, किंवा नव्या पायावरची पाण्याची भोके पुढच्या टोकाला सरकलेली असतील. शेकडो नौकास्वामींनी अधिक वेगासाठी पंख्याच्या पायाला टोकदार नाक बसविले आणि पाणी घेण्याची भोकेही त्याच नाकात आणली. इंजिन, पंप आणि नळ्या पूर्वीच्याच असताना दाब एकाएकी वाढण्यास एवढा बदल पुरेसा असतो.

तिसरा नियम दाब आणि उष्णता यांचे आकडे एकत्र वाचण्याचा, आणि माझ्या मते साऱ्या विद्येचे सार त्यात आहे. दाब कमी आणि इंजिन तप्त, तर पाणी येत नाही. हा जुना, पूर्वार्धातला रोग. दाब जास्त आणि इंजिन नेहमीपेक्षा थंड, तर पाणी प्रमाणाबाहेर येत आहे आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे. अशा इंजिनाला तात्काळ धोका कमी, पण त्याचे तेल योग्य तितके तापत नाही, त्यात ओलावा व पेट्रोल साचते, आणि झीज वाढते. दाब जास्त आणि इंजिनही तप्त, तर मापकाच्या पुढे कोठेतरी वाट बंद आहे, आणि ही अवस्था सर्वांत गंभीर. येथे अनुभवहीन माणूस प्रवेशाकडे धावतो आणि येणारे पाणी आखडतो. त्याने काटा खाली येतो खरा, पण इंजिनाची तहान वाढते. पाटाचा बांध फुटू लागला म्हणजे जाणता शेतकरी वरची दारे बंद करण्याआधी खालच्या वाफ्याकडे जाऊन कचरा कोठे अडकला आहे ते पाहतो. तोच क्रम येथेही लागू आहे.

वाट कोठे कोठे अडू शकते, याची यादी ठरलेली आहे. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असतो. समुद्राच्या पाण्यावर थेट चालणाऱ्या इंजिनात तो बहुधा ६० अंश सेल्सियसच्या आसपास उघडणारा निवडतात, कारण पाणी त्याहून फार तापू दिले तर क्षार भराभर साचतात. आणि तरीही वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ते साचतातच, विशेषतः धूर आणि पाणी जेथे एकत्र येतात त्या लोखंडी कोपऱ्यांत. तेथे गंज आणि क्षार मिळून छिद्र निमूटपणे अरुंद करीत जातात. तेल थंड करणाऱ्या नळकांड्याच्या तोंडाशी तुटलेल्या इंपेलरच्या पाकळ्या, शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे येऊन बसतात. म्हणून नवा इंपेलर बसविणाऱ्याने जुन्याच्या पाकळ्या मोजाव्यात, आणि एकही कमी भरली तर ती सापडेपर्यंत काम संपले असे समजू नये. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो, आणि बाहेरून नळी निर्दोष दिसते. याचा तपास एकेक सांधा सोडून, प्रत्येक टप्प्याच्या अलीकडे आणि पलीकडे दाब मोजून करावा लागतो. ज्या दोन बिंदूंमध्ये दाबाचा मोठा फरक पडला, त्यांच्यामध्ये अपराधी सापडतो. इंजिन दुहेरी असेल तर दुसरे इंजिन हाच उत्तम दाखला, कारण एकाच पाण्यात, एकाच वेगाने चालणाऱ्या दोन यंत्रांच्या आकड्यांतला फरक खोटे बोलत नाही.

यापलीकडे एक कारण असे आहे की जे पाण्याशी संबंधितच नसते. सिलिंडरच्या माथ्याखालचे गॅस्केट जळाले, तर ज्वलनाचा वायू जलमार्गात शिरतो, आणि काटा स्थिर न राहता थ्रॉटलबरोबर थरथरत उड्या घेऊ लागतो. अशा वेळी पन्हाळे आणि व्हॉल्व्ह तपासण्यात वेळ घालविणे व्यर्थ. प्रत्येक सिलिंडरची दाबचाचणी घेणे हाच मार्ग. मात्र हे गॅस्केट मुळात का गेले हा प्रश्न विचारल्याशिवाय तपास पुरा होत नाही, कारण पुष्कळदा पूर्वीच्या दुर्लक्षित जलदाबानेच त्याला दुर्बल केलेले असते.

या वंशाची एक वेगळी शाखा न्यूझीलंडमध्ये उगवली. उथळ, खडकाळ नद्यांत पंखा टिकत नाही म्हणून विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी जेट नौका विकसित केली, आणि १९६० साली अशा नौका कोलोरॅडो नदीच्या महाघळीतून प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. अशा नौकांत इंजिनाला थंड करणारे पाणी बहुधा जेटच्या पोटातूनच घेतात. तेथे दाब नौकेच्या वेगावर नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो, आणि नौका स्थिर असतानाही तो इंजिनाला असह्य होईल इतका चढू शकतो. म्हणून धक्क्यावर बांधून केलेली जी चाचणी पंख्याच्या नौकेत पंपाचा दोष दाखविते, तिचा अर्थ जेट नौकेत निराळा लावावा लागतो. नियम पाठ असणे आणि त्याचे कारण ठाऊक असणे, यांतील अंतर अशा ठिकाणी प्रत्ययास येते.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका राहिलेला नाही. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर आंतरराष्ट्रीय वेगनौकांच्या शर्यती झाल्या, आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांनी ते दृश्य कौतुकाने पाहिले. मांडव्याच्या दिशेने जाणाऱ्या खाजगी वेगनौकांची संख्याही आता लक्षात येण्याजोगी आहे. आमच्या खाड्यांचे पाणी पावसाळ्यात गढूळ, एरवी खारट आणि बारमाही गाळाने व प्लास्टिकने भरलेले असल्यामुळे निर्गमाच्या वाटा येथे शीत सरोवरांपेक्षा लवकर अरुंद होतात, हे उघड आहे. अशा वेळी विलायती पुस्तकातला आकडा प्रमाण मानून चालण्यापेक्षा प्रत्येक नौकेचा स्वतःचा जमाखर्च ठेवणे अधिक हिताचे. नौका नवी असताना, सर्व अवयव निर्दोष असताना, इंजिनाचे अमुक फेरे, नौकेचा अमुक वेग, अमुक दाब आणि अमुक उष्णता, अशी नोंद एका वहीत करून ठेवावी, आणि दर हंगामात ती ताजी करावी. दाबाचा आकडा एकटा कधीच काही सांगत नाही. तो कालच्या आकड्याशेजारी ठेवला, वेगाशी आणि उष्णतेशी ताडून पाहिला, म्हणजेच बोलू लागतो. नेकर नदीपासून लेक वॉशिंग्टनपर्यंतच्या कारागिरांनी फुटलेल्या गॅस्केटांची किंमत मोजून हे शहाणपण मिळविले. आमच्या तांडेलांना आणि मेकॅनिकांना ते एका वहीच्या किमतीत मिळू शकते, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे नौकांचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे कर्तव्य आहे.